चौदा नंबरचे केस

नलूला आपल्या जावेचा हेवा वाटायचा आणि तो तिनं कधी लपवून ठेवला नाही. आगरदांड्याच्या कोळीवाड्यात लपवून ठेवायला जागाच कुठं असते? भिंतीला भिंत लागलेली, इकडं फोडणी दिली की तिकडं ठसका. त्यातून सदा आणि हिरामण या दोघा भावांचं घर मुळात एकच, मध्ये विटांची भिंत घालून दोन केलेलं. पुढं दारं दोन, स्वयंपाकघरं दोन. मागची पडवी मात्र सामाईक, कारण जाळ्यांना जागा लागते. म्हणजे सदाच्या बायकोला, नलूला, दिवसातून वीस वेळा हिरामणच्या बायकोचं, किशोरीचं तोंड बघावं लागायचं. आणि ते तोंड बघण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत होती.

सकाळी नलू परसात यावी तर किशोरी न्हाऊन केस वाळवत उभी. केस कमरेच्या खाली, दाट, चाळिशी जवळ आली तरी एक पांढरा नाही. नलूचा अंबाडा लिंबाएवढा; त्यात अबोलीची वेणी बसवायची तर चार आकडे आणि वर देवाची कृपा. किशोरी वळून म्हणायची की बाय, चहा ठेवलाय, येतेस का, आणि नलूच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चहा ठेवलाय तर ठेवलाय. त्यात एवढं गोड बोलण्यासारखं काय होतं?

किशोरी कोळ्याची लेक नव्हती. पेणकडच्या आगरी घरातली, मिठागरावर वाढलेली. मासळीचा भाव कसा करायचा, जाळ्याची दोरी कशी भरायची, यातलं तिला लग्नात काही येत नव्हतं. तरी सासूनं वर्षभरात तिला डोक्यावर घेतलं. हिच्या हातची दोरी माझ्यामागं टिकेल, असं म्हातारी चारचौघींत सांगायची. नलू त्या घरात पाच वर्षं आधी आलेली. तिच्या हातचं काही टिकेल असं सासू मरेपर्यंत बोलली नाही. म्हातारीला जाऊन आता सहा वर्षं झाली, पण ते वाक्य काही तिच्याबरोबर गेलं नाही.

एवढं सगळं नलूनं गिळलं असतं. भाविकाचं मात्र तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

भाविका ही नलूची एकुलती एक मुलगी. वय वीस, मुरूडच्या कॉलेजात जाणारी. कॉलेजातून आली की पिशवी आईच्या दारात टाकायची आणि स्वतः काकीच्या दारात. परीक्षेत काय झालं, मैत्रीण कशी वागली, वर्गातल्या रितेशनं काय मेसेज पाठवला, सगळं काकीला. आईच्या वाट्याला काय, तर "आई, भूक लागलीय." नलू भिंतीला कान लावायची आणि पलीकडून हसण्याचे आवाज आले की इकडं भांडी आपटायची.

किशोरीला मूल नव्हतं. तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा चौथा महिना उजाडायच्या आत सगळं संपलं. पहिल्यांदा वाडी हळहळली, दुसऱ्यांदा बायकांनी नवस सुचवले, तिसऱ्यांदा कुणी काही बोललं नाही. पुढं राहिलंच नाही. नलूला तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोला. दवाखान्यात उशाशी तीच बसली होती. पण तिचं मन असं की एका बाजूनं वाईट वाटत असताना दुसऱ्या बाजूनं कुढत राहायचं. तुला झालं नाही म्हणून माझं घेतलंस होय? असं मनात आलं की तिला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की तिला किशोरीचाच आणखी राग यायचा.

यंदा जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या आणि घरोघर जाळ्यांची कामं निघाली, त्याच दिवसांत अलिबागच्या एका कॉलेजातून विनिता नावाची मुलगी वाडीत आली. तिचं काहीतरी संशोधन चाललं होतं आणि त्यासाठी तिला कोळणींचे केस हवे होते. केसांवर भांडी देणारी असेल असं समजून बायकांनी आधी तिला पातेल्याचा आकार विचारला. मग तिनं समाजमंदिरात सगळ्यांना बसवून नीट समजावलं. माणूस जे खातो, पितो, हाताळतो, त्यातलं थोडं थोडं केसात उतरतं. जस्त, तांबं, लोखंड, पारा, शिसं. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो, म्हणून मुळाकडचे दोन इंच तपासले की मागच्या चार महिन्यांचा माग लागतो.

यात माणसाचा स्वभाव पण कळतो का, असं मागून कुणीतरी विचारलं आणि साऱ्या जणी नलूकडं बघून हसल्या. विनिता म्हणाली की केसांवरून स्वभाव सांगतो म्हणणारे पुष्कळ आहेत, पैसे घेऊन सांगतात, त्यांचं ऐकू नका. हां, एखादा धातू अंगात फार झाला तर त्रास होतो हे खरं. शिसं वाढलं तर पोट दुखतं, थकवा येतो, झोप लागत नाही, माणूस चिडचिडा होऊ शकतो. यातलं पहिलं वाक्य कुणीही लक्षात ठेवलं नाही.

केस घ्यायची रीत साधी होती. डोक्याच्या मागच्या बाजूनं, मानेच्या जरा वर, मुळाशी कात्री लावून चिमटीभर केस कापायचे आणि पाकिटात घालायचे. कुणाचं काय निघालं ते वाडीभर होऊ नये म्हणून पाकिटावर नाव नाही, नुसता नंबर. तोच नंबर एका चिठ्ठीवर लिहून त्या बाईच्या हातात. भाविकाचे केस विनितानं घेतले नाहीत, कारण भाविकानं दिवाळीत लावलेला तांबूस रंग अजून डोक्यावर होता. नलू आणि किशोरी एकामागोमाग बसल्या. नलूच्या डोक्यातून चिमूटभर केस काढायला विनिताला इकडं तिकडं शोधावं लागलं. मग किशोरीच्या केसांत हात घालताच ती म्हणाली, अगंबाई, काय केस आहेत काकू तुमचे. नलूनं हातातली चिठ्ठी न बघताच घडी घालून बटव्यात कोंबली आणि कुणाशी न बोलता घरी आली.

जुलैच्या मध्याला भाविकाच्या फोनवर विनिताचा मेसेज आला, कारण घरचा नंबर म्हणून तिचाच दिला होता. चौघंही मोठी माणसं तेव्हा पडवीत जाळ्यांत बसलेली. भाविकानं उभ्या उभ्याच वाचून दाखवलं. तुमच्या घरच्या दोन पाकिटांपैकी एक अगदी ठीक आहे. चौदा नंबरच्या पाकिटात मात्र शिसं पुष्कळ निघालं. शिसं हाताळणाऱ्याच्या केसांना ते बाहेरूनही लागू शकतं, म्हणून घाबरू नका, पण रक्त तपासून घ्या आणि तोवर त्या बाईनं शिशाला हात लावू नये. खाली त्रास लिहिले होते. पोटदुखी, थकवा, झोप न लागणं, चिडचिड.

चिडचिड या शब्दाशी भाविका थांबली आणि तिनं आईकडं बघितलं. सदानं बघितलं, हिरामणनं बघितलं. चिठ्ठी कुणीच मागितली नाही. मागायची गरजच वाटली नाही कुणाला. सदा म्हणाला की म्हणजे बावीस वर्षं आपण शिशाबरोबर संसार केला, आणि हिरामणला हसू आवरेना. किशोरी खाली मान घालून दोरी ओढत राहिली.

नलू भडकणारच होती. जिभेवर सदाचा सगळा वंश आला होता. तेवढ्यात भाविका तिच्या मागं येऊन बसली आणि तिनं आईच्या गळ्यात हात टाकला.

"आई, म्हणजे तू तशी नाहीसच," ती म्हणाली. "त्या शिशानं तुझं असं केलंय."

नलूला काय वाटलं ते सांगायलाच पाहिजे. तिला वाटलं, इतकी वर्षं डोक्यावर असलेली मासळीची पाटी कुणीतरी हात देऊन खाली उतरवली. ते सकाळचं जळणं, ते भिंतीला कान लावणं, दवाखान्यात उशाशी बसून मनात आलेलं ते घाणेरडं काहीतरी, यातलं तिचं काहीच नव्हतं. सगळं शिशाचं होतं. ती सगळ्यांसमोर रडली. सासू गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

पुढचे दिवस म्हणजे सण होता. भाविका कॉलेजातून थेट आईकडं यायची. आईला पेज करून द्यायची, आईच्या डोक्याला तेल लावायची, आणि तेल लावता लावता तिनं एकदा रितेशचंही सांगितलं. नलूनं पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवलं. तिला इतकं बरं वाटत होतं की एका सकाळी तिनंच किशोरीला हाक मारली, ये गं, चहा ठेवलाय. किशोरी कप हातात घेऊन तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली.

चौथ्या दिवशी नलू मुरूडच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसली होती. एका गिऱ्हाइकाला सुटे द्यायला तिनं बटवा उलटा केला आणि नाण्यांबरोबर ती चिठ्ठी पडली. तिनं घडी उघडली. तेरा.

तिनं पुन्हा वाचलं. अक्षरांत नलू अडखळायची, आकड्यांत कधी नाही. तेरा. म्हणजे ठीक निघालेलं पाकीट तिचं होतं. म्हणजे शिसं किशोरीचं आणि स्वभाव नलूचा. गिऱ्हाईक समोर हात पसरून उभं होतं आणि नलू त्याला सुटे द्यायचे सोडून चिठ्ठीकडं बघत बसली.

घरी जाऊन लगेच सांगायचं असं तिनं वाटेत ठरवलं होतं. एसटीतून उतरली तर भाविका छत्री घेऊन थांब्यावर उभी. एवढ्या पावसात तुला कुणी जायला सांगितलं, तुझी तब्येत काय आहे, असं रागावून तिनं आईच्या हातातली पाटी घेतली आणि छत्री आईच्या डोक्यावर धरून स्वतः भिजत चालली. नलू मनाशी म्हणाली, उद्या सांगेन. उद्या म्हणाली, परवा.

आता खरं म्हणजे तिला सुखानं राहता यायला हवं होतं, पण तिचे डोळे वैरी झाले. सतरा वर्षं ती किशोरीला नुसती बघत आली होती; हेव्यानं बघणारा माणूस जितकं बारीक बघतो तितकं नवराही बघत नाही. किशोरीचा रंग हल्ली पिवळट झाला होता. पाण्याची कळशी घेऊन येताना ती मधल्या पायरीवर टेकायची. महिन्यातून दोनचार दिवस पोट धरून पडायची, त्याला नलू आजवर नखरे म्हणत होती. आणि हसली की तिच्या हिरड्यांवर, दातांच्या अगदी मुळाशी, निळसर रेघ दिसायची. ती रेघ नलूनं दोनतीन वर्षांपूर्वीच पाहिली होती. तेव्हा तिला बरं वाटलं होतं, की चला, त्या दातांत एक तरी खोट निघाली.

दातांचंही सांगायला हवं, कारण त्या दिवसांत नलूला ते रोज आठवत होतं.

जाळ्याची खालची दोरी पाण्यात बुडावी म्हणून तिला हातभर अंतरानं शिशाच्या गोळ्या लावतात; तेच दोरी भरणं. बोराच्या बीएवढी गोळी, मधोमध चीर. ती चीर दोरीवर बसवायची आणि दाबून बंद करायची. बहुतेक लोक पक्कड वापरतात. जुनी माणसं मात्र दातानं दाबायची. मूठभर गोळ्या गालात धरायच्या, जिभेनं एकेक पुढं आणायची आणि दाढेखाली चेपायची. दोन्ही हात दोरीला मोकळे राहतात आणि काम झपाट्यानं होतं. वाडीत असे दोनतीन म्हातारे अजून होते, त्यामुळं कुणी तसं करताना दिसलं तर कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

किशोरी नवी नवरी म्हणून आली त्या वर्षीच्या आषाढात सासूनं नलूला सांगितलं, हिला गोळ्या लावायला शिकव. घरात दोन पकडी होत्या. आल्या दिवसापासून जो तो त्या पोरीच्या हसण्याचं, तिच्या पांढऱ्याशुभ्र दातांचं कौतुक करत होता आणि नलूचे कान किटले होते. तिनं दोन्ही पकडी तांदळाच्या डब्यात खाली खुपसल्या. आपल्या घरात पक्कड लावत नाहीत, असं तिनं किशोरीला सांगितलं, पकडीनं दोरी चेपते, आपल्याकडं दातानं दाबायची रीत आहे. तिचा हिशेब असा की चार दिवसांत एखाद्या दाताचा टवका उडेल, पोरगी रडत बसेल आणि कौतुक थांबेल. किशोरी रडली नाही. मिठागरावर उन्हात राबलेली पोर ती; आठवड्यात शिकली आणि महिन्यात नलूच्या दुप्पट दोरी भरू लागली. तेव्हाच सासू ते टिकण्याचं वाक्य बोलली. आता पक्कड बाहेर काढायची तरी कशी? पुढच्या वर्षी नलूनं आपले दात हलतात म्हणून स्वतःपुरती एक बाहेर काढली. किशोरीला कुणी काही सांगितलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही, कारण या घरची रीतच ती, असं तिला वाटत होतं.

आता चौदा नंबर नलूचा ठरल्यावर शिशाला हात लावायची बंदी नलूला झाली. साहजिकच तिच्या वाटणीची दोरीही किशोरीकडं गेली. ऑगस्ट लागला की होड्या पाण्यात जाणार, त्याआधी सगळं व्हायला हवं. बाय, तू आराम कर, मी भरते, असं किशोरी म्हणाली आणि गोळ्यांनी गाल भरून कामाला बसली.

भाविकानं सोमवारी अलिबागला रक्त तपासायचं ठरवलं. नलूला त्याची भीती नव्हती, उलट तेच वाईट होतं. तिचं रक्त स्वच्छ निघणार हे तिला माहीत होतं. मग सगळे म्हणणार, विनितानं लिहिलंच होतं, केसांना बाहेरून लागलं असेल. विषय तिथंच संपला असता आणि किशोरीचं रक्त कुणी कधी तपासलं नसतं. नलू कधी पकडली गेली नसती. तिला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तिला आयुष्यात पहिल्यांदा जमत होतं.

रविवारी दुपारी सदा आणि हिरामण इंजिनाचं सामान आणायला दिघीला फेरीबोटीनं गेले होते. भाविका आत आईसाठी पेज करत होती. नलू पडवीत भिंतीला टेकून बसलेली, समोर किशोरी दोरी भरत होती. गोळी दाढेखाली जायची, कट्ट असा बारीक आवाज यायचा, दोरी पुढं सरकायची. मध्येच किशोरी थांबली. एक हात पोटावर दाबून धरला, डोळे मिटले, कळ जाऊ दिली आणि मग पुढची गोळी जिभेनं पुढं आणली. ओठाच्या कडेला राखाडी लाळ आली होती ती तिनं मनगटानं पुसली. आतून भाविकानं ओरडून सांगितलं की आई, उठू नकोस, मी आणते. ते ऐकून किशोरीनं नलूकडं बघितलं आणि भरल्या तोंडानं हसली.

"थुक ते," नलू म्हणाली.

किशोरीला समजलं नाही.

"तोंडातलं थुक, किशोरी. चौदा नंबर तुजा हाय. माजा तेरा."

किशोरीनं ओंजळ पुढं धरली आणि एकेक करून सात गोळ्या बाहेर काढल्या. तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली. तिला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"मला ठावं हाय, बाय," ती म्हणाली.

मेसेज आला त्याच दिवशी तिनं देवाच्या फोटोमागं ठेवलेली आपली चिठ्ठी काढून बघितली होती. पहिले दोन दिवस तिला वाटलं, नलू आपली चिठ्ठी बघेल आणि बोलेल. मग तिनं भाविकाला आईच्या डोक्याला तेल लावताना पाहिलं. मग नलूनं चहाला हाक मारली. "सतरा वर्षांत पयल्यांदा बोलावलंस," किशोरी म्हणाली. "म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. मंग म्हटलं, उद्याचा पण."

अशा वेळी माणसाला काय वाटायला हवं? उपकार वाटावेत, भरून यावं. नलूला हेवा वाटला. बारा दिवस स्वतःशी झगडून तिनं एक चांगलं काम कसंबसं ओढून बाहेर काढलं होतं, तर तेही हिनं आधीच करून ठेवलेलं, आणि तेही गुपचूप, तिच्यापेक्षा सुबक. चांगुलपणात म्हणून जागा ठेवली नव्हती हिनं कुणाला. किशोरीला माहीत नसलेली एकच गोष्ट आता नलूकडं उरली होती, आणि ती तिनं सांगितली. दोन पकडी, तांदळाचा डबा, रीत म्हणून सांगितलेली थाप, सगळं. पश्चात्तापानं सांगितलं की त्या शांत चेहऱ्याला एकदा तरी ओरखडा उठावा म्हणून, हे तिला पुढंही कधी ठरवता आलं नाही.

किशोरी ऐकत राहिली. आधी तिला ते नीट कळलंच नाही.

"तवाच पक्कड होती घरात?"

"दोन होत्या."

"मंग मला का..."

"तुजे दात चांगले होते म्हणून," नलू म्हणाली. याहून मोठं कारण तिच्याकडं नव्हतं.

किशोरी ओंजळीतल्या गोळ्यांकडं बघत बसली. तिचे ओठ हलत होते; ती मनात काहीतरी मोजत होती. नलूला कळलं ती काय मोजतेय ते. इतकी वर्षं कुणालाच सुचलं नव्हतं ते.

"तिन्ही येळा श्रावणातच गेलं गं," किशोरी म्हणाली. "दोरी भरून झाली की."

नलू घाईघाईनं म्हणाली की तसंच काही नसेल, डॉक्टरांनाही तसं सांगता यायचं नाही, बायांचं पोट कशानंही पडतं.

"नसंल. पण तू मला ते सांगू नको."

हा आवाज नलूनं कधी ऐकला नव्हता. खरबरीत, तळातून आलेला. किशोरीचं गोड बोलणं एकदा तरी सुटावं, तिनं एकदा तरी वसकन अंगावर यावं, असं नलूला सतरा वर्षं वाटत आलं होतं. आता ते आलं तर तिला तिथून उठून जावंसं वाटलं.

आतून भांड्याचा आवाज आला. किशोरीनं गोळ्या बाजूला ठेवल्या आणि पदरानं तोंड पुसलं, दोनदा, जोरानं.

"भाविकाला मी न्हाय सांगणार," ती म्हणाली. "तू सांग. पकडीचं पण सांग."

"ती माजं तोंड बघायची न्हाय, किशोरी."

"न्हाय बघायची," किशोरी म्हणाली.

भाविका पेजेचा वाडगा घेऊन आली. दोघींना तशा बसलेल्या बघून दारातच थबकली आणि म्हणाली की काय झालं, भांडलात की काय. तिनं वाडगा आईपुढं धरला. पेज गरम होती, वर तुपाचा थेंब सोडलेला. नलूनं त्या वाडग्याकडं बघितलं आणि हात पुढं केला नाही.

"काकीला दे तो," ती म्हणाली, "आणि बस इथं. उद्या अलिबागला मी न्हाय, काकी जाणार हाय."

भाविकाला काही कळलं नाही. तिनं वाडगा काकीच्या हातात दिला आणि सवयीप्रमाणं काकीच्याच अंगाला टेकून बसली. ते नलूला तेव्हाही खुपलं. मग तिनं किशोरी नवी नवरी होऊन घरात आली त्या आषाढापासून सांगायला सुरुवात केली.